साठीतली उमेदवारी: कोल्हापुरात लाकडावरचं कोरीव काम नव्याने शिकायचं, तर…

उमेदवारी हा शब्द कोल्हापुरात कानावर पडला की आधी निवडणूक आठवते. कारागिरांच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ वेगळा आहे. वस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकण्याचा काळ म्हणजे उमेदवारी. सुताराच्या घरातला मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना ती सुरू करायचा. आधी भुसा झाडायचा, मग हत्यारं पुसायची, मग रंधा धरायचा आणि सगळ्यात शेवटी पटाशी.

हीच उमेदवारी एखाद्याने साठाव्या वर्षी सुरू केली तर? नोकरी संपलेली, मुलं मार्गी लागलेली, सकाळचं फिरणं नऊला आटोपतं आणि पुढचा दिवस रिकामा. अशा वेळी लाकडाचा तुकडा आणि पटाशी हातात घेणारी माणसं जगभर आहेत, महाराष्ट्रातही झाली आहेत. कोल्हापुरात तर या कामाचा वारसा चालता-बोलता दिसतो. लाकडी कोरीव काम म्हणजे काय, उशिरा सुरुवात करणाऱ्याला काय जमतं आणि काय जड जातं, आणि पहिली पटाशी कुठे चालवायची, याची ही माहिती.

कोरीव काम म्हणजे नेमकं काय?

सुतारकाम आणि कोरीव काम ही सख्खी भावंडं असली तरी एक नाहीत. सुतार लाकडाचे भाग जोडून वस्तू उभी करतो. कोरीव काम करणारा लाकडातून नको असलेला भाग काढत जातो आणि आकार शिल्लक ठेवतो. मातीकामात चुकलं तर माती परत लावता येते. लाकडात काढलेलं परत बसत नाही. या कामाची सगळी शिस्त या एका गोष्टीतून येते.

ढोबळमानाने त्याचे चार प्रकार सांगता येतात.

- रेघकाम: सपाट फळीवर कोरलेल्या रेषा. अक्षरं, नावाची पाटी, वेलबुट्टी.
- उठावकाम: आकाराच्या भोवतीचं लाकूड खाली घेऊन आकार वर उचललेला दाखवणं. जुन्या वाड्याच्या दारावरची गणेशपट्टी हे त्याचं ओळखीचं उदाहरण.
- जाळीकाम: लाकूड आरपार कापून केलेली नक्षी. देव्हारे, झरोके, खिडक्या.
- पूर्ण शिल्प: चारही बाजूंनी पाहता येणारी मूर्ती, बाहुली किंवा प्राणी.

मुळं, वाळकी खोडं किंवा फांद्या यांत आधीच दिसणारा आकार थोडंफार तासून मोकळा करायचा, ही आणखी एक वाट आहे. मराठीत त्याला बहुतेक वेळा काष्ठशिल्प म्हणतात. उशिरा सुरुवात करणाऱ्यांना ही वाट सोयीची वाटते, कारण इथे निम्मं काम झाडाने केलेलं असतं.

कोल्हापूरचा लाकडी वारसा

अंबाबाईचं मंदिर पाषाणाचं आहे, पण त्याच्या आवारातला गरुड मंडप लाकडाचा. साधारण १८४०च्या सुमाराचा हा मंडप, त्याचे सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आणि वरच्या महिरपी हा मराठा काळातल्या लाकूडकामाचा नमुना मानला जातो. अलीकडच्या वर्षांत त्याचे खांब कमकुवत झाल्याचं आढळलं आणि मंडप उतरवून नव्याने उभारण्याचं काम हाती घेण्यात आलं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या कारागिराने जे कोरलं, तेच आजच्या कारागिराला पुन्हा कोरता यायला हवं, असा प्रसंग अशा वेळी समोर येतो. इतिहासात राजांची, कारभाऱ्यांची नावं राहतात. पटाशी चालवणाऱ्यांची क्वचितच राहतात.

जिल्ह्याची भौगोलिक जागाही या कामाला पोषक होती. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड हे पश्चिमेकडचे तालुके सह्याद्रीच्या पावसाचे आणि झाडीचे. साग, शिसव, फणस, आंबा, शिवण, ऐन, किंजळ ही लाकडं इथल्या माणसाला ओळखीची. गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीचं चाक ही त्याची रोजची कामं, आणि बदल्यात सुगीला धान्य. कोरीव नक्षी हे त्याच हातांचं सणासुदीचं, देवळाचं आणि वाड्याचं काम.

काम जन्माने ठरायचं. सुताराचा मुलगा सुतार, बाकीच्यांनी पटाशीला हात लावायचं कारण नाही. या बाबतीत कोल्हापूरच्या इतिहासातलं एक वर्ष महत्त्वाचं आहे. १९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातली बलुतेदारीची पद्धत कायद्याने बंद केली. बलुतेदाराच्या मुलाला बापाचा धंदा सोडून दुसरा निवडता यावा, ही त्यामागची मोठी गोष्ट. त्याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. जो धंदा सोडायला मोकळीक मिळते, तो इतरांना धरायलाही मोकळा होतो. आज कारकुनी करून निवृत्त झालेला किंवा शाळेत शिकवून घरी बसलेला माणूस सुताराच्या कारखान्यात जाऊन ‘मला शिकवा’ म्हणू शकतो, त्यामागे हा बदलही आहे.

कोल्हापूरच्या कलेतलं सगळ्यात मोठं नाव असलेले बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) मिस्त्री घराण्यातलेच. वडील कृष्णराव मिस्त्री हे कारागीर. बाबूरावांनी चित्रकला शाळेत जाऊन शिकली नाही, हातानेच कमावली. पुढे नात्यातले भाऊ आनंदराव यांच्यासोबत सुरू झालेल्या खटपटीतून त्यांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. तिचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला. चाळिशीच्या आसपास त्यांनी ती कंपनी सोडली आणि पुढच्या काळात चित्र आणि शिल्प यांकडेच जास्त लक्ष दिलं. एका माणसाचा हात लाकूड, लोखंड, रंग आणि माती यांत सारख्याच सहजतेने फिरू शकतो, हे या शहराने पाहिलेलं आहे.

हत्यारं सोडून लाकडाकडे: मिरजेची गोष्ट

चालू धंदा मोडल्यावर माणूस लाकडाकडे वळला, याचं जवळचं आणि ठळक उदाहरण कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर मिरजेत आहे. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना धार आणि झिलई देणारे कारागीर. इंग्रजी अंमलात हत्यारांचं काम बसलं. मिरजेत सांगितल्या जाणाऱ्या परंपरेनुसार, १९व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोरे दुरुस्त करायला आणि नंतर घडवायला सुरुवात केली. पोलादाची सवय असलेल्या हातांनी भोपळा आणि लाकूड धरलं.

त्यांच्यापासून सुरू झालेलं हे काम पिढ्यानपिढ्या चाललं आणि मिरज तंतुवाद्यांचं गाव झालं. पंढरपूर-मंगळवेढा भागातले मोठे भोपळे, तुणीचं लाकूड आणि त्यावरची नक्षी यांतून इथले सतार-तंबोरे तयार होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

उशिरा वळणाऱ्या माणसाला या गोष्टीतून एक उपयोगाची खूण मिळते. शिकलगाराने आधीचं सगळं टाकून दिलं नव्हतं. धार ओळखणारी नजर, घासण्यातला धीर, एकाच जागी तासन्‌तास बसायची सवय हे त्याच्याकडे आधीच होतं. नवं होतं ते फक्त साहित्य. आयुष्यभर शिवणयंत्र चालवलेली बाई, पंप दुरुस्त केलेला फिटर, फळ्यावर अक्षर काढलेला शिक्षक, चप्पल शिवलेला कारागीर यांपैकी कुणीही लाकडाशी कोऱ्या हाताने येत नाही.

उशिरा सुरुवात केलेली इतर माणसं

अवनींद्रनाथ टागोर (१८७१–१९५१). बंगाल चित्रशैलीचे हे अध्वर्यू उतारवयात चित्रांपेक्षा वाळक्या काटक्या, मुळं, लाकडाचे तुकडे, करवंट्या यांत रमले. थोडं कापायचं, थोडं जोडायचं आणि त्यातून पक्षी, प्राणी, माणसं उभी करायची. या खेळण्यांना त्यांनी ‘कुटुम-काटुम’ असं नाव दिलं होतं. देशात नाव झालेला चित्रकार म्हातारपणी मुलासारखा काटक्या गोळा करत बसला आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२). शिक्षणाने डॉक्टर, कामाने लेखक आणि पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांच्यासह पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे संस्थापक. ओरिगामी, बासरी, चित्रं यांच्या जोडीने ते लाकडातून शिल्पंही करत. त्यांच्या ‘छंदांविषयी’ या पुस्तकामुळे मोठी झालेली, मानमरातब मिळालेली माणसंही नवखेपणाने एखादी गोष्ट शिकू शकतात, हे अनेक मराठी वाचकांना पटलं.

फेलिपे आर्चुलेटा (१९१०–१९९१). अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातले हे गृहस्थ अनेक वर्षं साधे सुतार होते. १९६७ मध्ये, वयाच्या ५७व्या वर्षी काम मिळेनासं झालं तेव्हा त्यांनी लाकडाचे प्राणी कोरायला घेतले. खडबडीत, दात विचकणारे, थोडे भीतीदायकही. आज त्यांची कामं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.

या तिघांमध्ये साम्य कमी आहे. एक नामवंत चित्रकार, एक लेखक, एक बेरोजगार झालेला सुतार. एक गोष्ट मात्र समान दिसते. तिघांनीही आधी ‘आपल्यात ही कला आहे का’ याचा निकाल लावून मग लाकूड हातात घेतलं नाही. आधी हातात घेतलं, बाकीचं नंतर कळत गेलं.

या वयात मेंदूला आणि हाताला काय होतं?

‘आता या वयात काय शिकणार?’ या प्रश्नावर संशोधकांनी काम केलं आहे. अमेरिकेत डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयोगटातल्या २२१ जणांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीसारखं शिवणकाम शिकवलं. काहींना नुसत्या गप्पा, सहली आणि मनोरंजन. नवं आणि अवघड कौशल्य शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती जास्त सुधारलेली दिसली. नुसतं मन रमवणं पुरेसं ठरलं नाही, डोकं खाजवावं लागणं महत्त्वाचं ठरलं.

मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ८५ वर्षं आणि त्यापुढच्या २५६ जणांचा सरासरी चार वर्षांचा अभ्यास मांडला. मध्यम वयात आणि उतारवयातही चित्रं, शिल्पं अशा कलांत रमलेल्यांमध्ये विसरभोळेपणाची सुरुवातीची अवस्था येण्याचं प्रमाण ७३ टक्क्यांनी कमी होतं. लाकूडकाम, कुंभारकाम, शिवणकाम अशा हस्तकला करणाऱ्यांमध्ये ते ४५ टक्क्यांनी कमी होतं. अर्थात, हे निरीक्षण आहे. पटाशी हे औषध असल्याचा तो पुरावा नाही. ज्यांची तब्येत मुळात चांगली, तीच माणसं असे छंद जास्त करतात, असंही असू शकतं.

हाताचा हिशेब वेगळा. साठीनंतर पकड कमी होते, सांधे आखडतात, जवळचं बारीक दिसत नाही. पण कोरीव कामात ताकदीचा वाटा वाटतो त्याहून कमी असतो. धारदार पटाशी हलक्या ठोक्याने चालते. जोर लावावा लागतो तो धार गेल्यावर. धीर, सवडीने पाहणं आणि हाती घेतलेलं पुरं करणं यांत वय झालेला माणूस बऱ्याचदा विशीतल्या मुलाच्या पुढे असतो.

सगळ्यात जड जातं ते मात्र वेगळंच. पस्तीस वर्षं ज्याला ‘साहेब’ किंवा ‘सर’ म्हटलं गेलं, त्याला पंचविशीतला सुतार ‘काका, उलटं धरलंय तुम्ही’ असं सांगतो. पहिलं पान वाकडं येतं, पहिला गणपती ओळखू येत नाही, घरचे हसतात. या टप्प्यावर सोडणारे जास्त असतात. हात साथ देत नाही म्हणून नव्हे, पुन्हा नवखं होणं सोसत नाही म्हणून.

लाकूड कोणतं घ्यावं?

नवशिक्याचं बरंच यश लाकडाच्या निवडीवर ठरतं. पहिली फळी साग किंवा शिसव असावी असं बहुतेकांना वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

- शिवण: हलकं, मऊ, फारसं न तडकणारं. शिकण्यासाठी उत्तम.
- पांगारा: फार हलकं आणि मऊ. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांत आणि फळांत वापरलं जातं. बारीक नक्षीला नाही, पण मोठे गोल आकार शिकायला चांगलं.
- आंबा: सहज आणि स्वस्तात मिळतं. वाळवी आणि कीड लवकर लागते.
- हळदू (हेद): पिवळसर, एकसारख्या पोताचं. पूर्वी फण्यांसाठीही वापरत. बारीक कामाला छान.
- फणस: सुंदर पिवळा रंग, देव्हारे आणि वाद्यांसाठी ओळखीचं. हात थोडा बसल्यावर घ्यावं.
- साग: टिकाऊ, पण चुकीच्या दिशेने गेल्यास चिरफळतं आणि महाग.
- शिसव: कठीण. काम उठून दिसतं, पण हात तयार झाल्यावरच.

लाकूड वाळलेलं हवं. ओल्या लाकडावर केलेली मूर्ती वाळताना तडकते. मोकळ्या हवेत वाळवताना इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, असा ढोबळ हिशेब कारागीर धरतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर फळी भिंतीला टेकवून न ठेवता खाली-वर पट्ट्या देऊन, वारा खेळेल अशी ठेवावी लागते.

सुरुवातीला लाकूड विकत घ्यायचीही गरज नाही. कोल्हापुरात टिंबर मार्केट नावाचा परिसरच आहे. वखारीत आणि फर्निचरच्या कारखान्यात उरलेले वीत-दोन वीत तुकडे पडलेले असतात. मोडलेला पाट, जुन्या खाटेचा पाय, पाडलेल्या घराची चौकट यांतलं लाकूड पुरतं मुरलेलं असतं. फक्त आधी खिळे शोधून काढावेत, नाहीतर पहिल्याच दिवशी धार जाते.

हत्यारं: कमी, पण धारदार

दुकानातला वीस हत्यारांचा संच पाहून मोह होतो. सुरुवातीला एवढं पुरतं: एक सपाट पटाशी, दोन मापांच्या गोल पटाश्या, एक टोकदार कोरणी, लाकडी हातोडी म्हणजे मोगरी, कानस, छोटी करवत आणि लाकूड टेबलाला घट्ट धरणारा शिकंजा.

शिकंजा टाळून एका हातात लाकूड आणि दुसऱ्या हातात पटाशी धरणं ही नवशिक्यांची सगळ्यात धोक्याची सवय. नियम सोपा आहे. दोन्ही हात कायम पात्याच्या मागे, पुढे कधीच नाही.

पहिला महिना खरं तर धार लावण्याचा असतो. आधी खरखरीत, मग मऊ दगडावर पातं एकाच कोनात घासायचं आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर ओढायचं. या पट्टीसाठी कोल्हापूरकरांना लांब जायला नको. झाडाच्या साली आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चप्पलेचं जाड चामडं या कामाला उत्तम. चप्पल करणाऱ्यांकडचा उरलेला तुकडा फळीवर चिकटवला की झालं. धार लागली की नाही हे बोटावर पाहायचं नसतं. मऊ लाकडाच्या आडव्या बाजूवर काप घ्यायचा. तो काचेसारखा चकाकला तर धार आहे, भुगा पडला तर नाही.

पहिलं काम: एक पिंपळपान

गणपतीने सुरुवात करावी अशी सगळ्यांची इच्छा असते. वस्ताद मात्र आधी पान द्यायचे, कारण पानात रेघ, उतार, गोलाई आणि शीर हे चारही धडे येतात.

१. वीतभर शिवणीची फळी रंधून सपाट करावी. त्यावर पेन्सिलीने पिंपळाचं पान काढावं. खरं पान समोर ठेवलेलं बरं.

२. लाकडाची रेषा कुठल्या दिशेला जाते ते पाहावं. मांजराच्या अंगावरून हात फिरवताना केस जसे एका बाजूने बसतात आणि दुसऱ्या बाजूने उभे राहतात, तसंच लाकडाचं. काप नेहमी बसणाऱ्या दिशेने घ्यायचा. पटाशी रुतून चिरफळी उडायला लागली की दिशा उलटी आहे असं समजावं.

३. पानाच्या कडेवर पटाशी उभी धरून हलका ठोका द्यावा. हा काप पुढच्या कामाला अडसर म्हणून राहतो, म्हणजे भोवतालचं लाकूड काढताना पानाची कड उडत नाही.

४. भोवतालचा भाग गोल पटाशीने थोडा थोडा खाली घ्यावा. एका वेळी कागदाएवढा. घाई इथेच नडते.

५. पान वर उचललेलं दिसू लागलं की कडा उतरत्या कराव्यात, मधली शीर ठेवावी, बाजूच्या शिरा कोरणीने काढाव्यात.

६. पॉलिश पेपर सगळ्यात शेवटी आणि शक्य तितका कमी. पटाशीच्या खुणा दिसल्या तरी चालतात. अति घासलेलं काम साबणाच्या वडीसारखं दिसतं.

७. जवसाचं तेल पातळ लावून कोरड्या फडक्याने पुसून घ्यावं. ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाच्या तेलाने माखलेलं कापड वाळताना आपोआप तापतं आणि पेटूही शकतं. पसरून वाळवावं किंवा पाण्यात भिजवून टाकावं.

याच पानाची पाच पानं करावीत. पहिलं आणि पाचवं शेजारी ठेवलं की शिकणं डोळ्यांना दिसतं. पहिलं फेकू नये.

शिकायचं कुणाकडून?

व्हिडिओंवरून हत्यार कसं धरायचं ते कळतं, पण ठोक्याचा आवाज बदलला की वस्ताद पाठमोरा असतानाही ‘गाठ आलीय, थांब’ म्हणतो, ते व्हिडिओत मिळत नाही. म्हणून देव्हारे, पालख्या, चौरंग, दारं करणारा एखादा कारागीर गाठणं हा सगळ्यात चांगला रस्ता. त्याच्या कामाच्या वेळेत जाऊन बसायचं, तर त्याच्या वेळेचं मोल द्यायला हवं. काय द्यायचं ते आधी बोलून घ्यावं. ‘तुम्हाला काय, येता-जाता दाखवा’ असं म्हणणं म्हणजे त्याच्या विद्येला फुकट समजणं.

या नात्यात दोघांचाही फायदा आहे. फर्निचरच्या नक्षीचं बरंच काम आता संगणकावर चालणाऱ्या यंत्राकडे गेलं आहे. एकसारखी शंभर दारं यंत्र पटापट काढतं. जुन्या पालखीचा तुटलेला मोर, झिजलेली गणेशपट्टी, महिरपीचा एकच निखळलेला तुकडा असं काम मात्र हातालाच येतं. ते येणाऱ्या घरांतली पुढची पिढी दुसऱ्या धंद्यांत जात आहे, आणि त्यात गैर काही नाही. तीच मोकळीक त्यांनाही हवी होती. पण शिकवायला उत्सुक असलेल्या वस्तादाला साठीतला उमेदवार मिळाला, तर विद्या निदान एका माणसाजवळ तरी आणखी राहते.

पाहण्यासाठी जागा जवळच आहेत. कणेरी मठाच्या सिद्धगिरी संग्रहालयात गावगाड्यातल्या बलुतेदारांची कामं शिल्पांतून मांडली आहेत. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात चित्र-शिल्पांची प्रदर्शनं भरतात. आणि जुन्या पेठांमधून फिरताना दाराच्या वर नजर टाकायला पैसे पडत नाहीत.

कायदा आणि काळजी

- झाड तोडणं: स्वतःच्या परड्यातलं झाड असलं तरी परवानगी लागू शकते. महाराष्ट्रात यासाठी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आणि शहरांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. पडलेल्या झाडाचं लाकूड घेतानाही विचारून घ्यावं.
- चंदन: झाड तोडणं, वाहतूक आणि विक्री यांवर कडक नियम आहेत. पावतीशिवाय घेऊ नये.
- शिसव: २०१७ पासून शिसवीच्या कुळातल्या लाकडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध लागू आहेत. परदेशातल्या मुलांना किंवा गिऱ्हाइकाला वस्तू पाठवण्याआधी नियम पाहावेत.
- भुसा: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. घासताना चांगला मास्क हवाच, आणि काम शक्यतो उघड्यावर.
- जखमा: धनुर्वाताची लस घेतलेली असावी. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.
- उजेड आणि बैठक: डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी उजेड, टेबल कोपराच्या उंचीचं, आणि अर्ध्या तासाने उठणं.

छंद की धंदा?

निवृत्तीनंतर काही करायला घेतलं की ‘विकता का?’ हा प्रश्न येतोच. नावाच्या पाट्या, छोटे देव्हारे, गौरी-गणपतीची आरास यांना मागणी असते. पण हाताने केलेल्या वस्तूला लागलेले तास मोजले तर यंत्राच्या किमतीशी गाठ पडत नाही, हे आधीच माहीत असावं.

सरकारी मदतीबाबत गैरसमज होऊ नये म्हणून एवढं लक्षात ठेवावं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि मूर्तिकार यांच्यासह १८ व्यवसाय आहेत. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाचं कर्ज तिच्यात आहे. ती त्या धंद्यावर पोट असलेल्या कारागिरांसाठी आहे, छंद म्हणून शिकणाऱ्यांसाठी नाही. साठीतल्या शिकाऊला तिचा एक उपयोग मात्र आहे. आपल्या वस्तादाने अर्ज केला नसेल, तर कागद भरायला बसणं. आयुष्यभर कार्यालयात काढलेल्या माणसाला ते चांगलं येतं, आणि गुरुदक्षिणाही होते.

बाकी, पहिलं पान वाकडं येणार हे नक्की. ते देवघराशेजारी टांगलेलं असतं, पाहुणे विचारतात, आणि आजोबा किंवा आजी सांगतात, ‘ते पहिलं. पाचवं दाखवू का?’